बिनलढाईचं राज्य

ये ग, अशी जवळ ये. हातातला फोन आधी बाजूला उलटा ठेव आणि माझ्याशेजारी बसल्यासारखी बस. बापाला जाऊन वर्ष होत आलं, तेव्हापासून बडोद्याला तुझं पाऊल नाही, आणि आता पुण्याहून फोन करतेस तो काय, तर काकू, आपल्या मराठी मंडळाच्या वार्षिक अंकात बाबांवर दोन पानं लिहून द्या, छान छान आठवणी लिहा. छान म्हणे. ज्यांना तुझ्या बाबांवर नुसतं छान लिहायचंय त्यांनी लिहावं. रावपुऱ्यात असे पुष्कळ भेटतील, कारण तो माणूस जन्मात कुणाला उणा शब्द बोलला नाही. मला राग आहे तो त्याचाच. माणूस गेला म्हणून राग पण त्याच्याबरोबर जातो, असं थोडंच आहे?

तेव्हा मी लिहीन ते हे असं. छापायचं तर छापा, नाहीतर शेवेच्या पुड्या बांधायला द्या.

निम्मं तुला ठाऊक आहे, पण वाचणाऱ्यांना तेही नाही, म्हणून पहिल्यापासून सांगते. आमच्या इमारतीत ते दुसऱ्या मजल्यावर, मी पहिल्यावर, आणि खाली रस्त्याला लागून मंडळाची खोली. तिच्या पुढे ओटा. खोलीत काचेची कपाटं, कपाटांत मराठी पुस्तकं, कोपऱ्यात बाजाची पेटी, आणि दर गुरुवारी दुपारी आम्हा बायकांचं भजन. बाहेरच्या माणसाला ती एक जुनी कोंदट खोली. माझी सातवी झाली आणि लग्न झालं. त्यापुढचं जे काही मी शिकले ते त्या खोलीत. सासूबाई झोपल्या की खाली उतरायचं आणि कपाटासमोर सतरंजीवर बसून वाचायचं. आज हे लिहितेय ना, ते अक्षर त्या खोलीनं दिलेलं आहे. ती खोली गेली, आणि ती तुझ्या बाबांनी घालवली. एवढं आधी सांगून टाकते म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की काकूंनी गोड बोलून मग डंख मारला.

नाव मी लिहीत नाही. गल्ली त्यांना चिटणीस म्हणायची, कारण मंडळाचे ते चिटणीस. मी भाऊजी म्हणायचे, कारण आमच्या ह्यांचे ते मित्र. नोकरी सरकारी कचेरीत, नकाशे काढायची. अक्षर असं की लग्नाच्या पत्रिकेवर त्यांनी पत्ता घातला तर लोक पाकीट फेकायचे नाहीत. तुझी आई गेली, तू लग्न होऊन पुण्याला गेलीस, आणि मागे तुझा तो जुना कॉम्प्युटर राहिला. जावईबापूंनी त्यात एक खेळ घालून दिला, बाबांचा वेळ जाईल म्हणून. वेळ गेला. चांगला गेला. वेळेबरोबर काय काय गेलं ते आता सांगते.

तो खेळ म्हणजे राज्य चालवायचा. मधाच्या पोळ्यासारखा षट्कोनी घरांचा नकाशा, त्यात आपण एक राजा आणि बाकीचे राजे कॉम्प्युटरचे. बुद्धिबळासारखी आळीपाळीनं चाल. आपली चाल झाली की त्यांची, मग पुन्हा आपली. गावं वसवायची, शेतं करायची, रस्ते, शाळा. जिंकायच्या तऱ्हा पण वेगवेगळ्या. सगळ्यांना मारून जिंकता येतं, विज्ञानात पुढे जाऊन जिंकता येतं, आणि एक तऱ्हा अशी की कुणाला बोटसुद्धा लावायचं नाही. नाटकघरं बांधायची, संग्रहालयं बांधायची, चित्रं जमवायची, गवई सांभाळायचे. मग दुसऱ्या देशांतली माणसं तुमच्याकडे बघायला यायला लागतात. येता येता इतकी येतात की त्यांना स्वतःच्या देशापेक्षा तुमचाच लळा लागतो. मग तुम्ही जिंकलात. भाऊजींनी ती एकच तऱ्हा धरली. दुसरी कधी खेळून पण पाहिली नाही. मला हे सगळं कसं ठाऊक? अगं, वरून खाली येऊन रोज सांगायचे ने, तुमच्या पुण्याचं ‘ना’ ते आमचं ‘ने’. भाजी निवडता निवडता मी त्या राज्याची अर्धी दिवाण झाले होते.

खेळायला बसायचे ते इस्त्रीचा शर्ट घालून. उन्हाळ्यात बडोदं कसं तापतं तुला माहीत आहे, लोक घरात बनियनवर असतात. एकदा मी म्हटलं, भाऊजी, कॉम्प्युटरला दिसतं का तुम्ही काय घातलंय ते. तर म्हणाले, वहिनी, राज्यकारभार बनियनवर होत नाही. समोरचा राजा काही मागायला आला आणि नाही म्हणायचं असलं, तर बटण दाबायच्या आधी तोंडानं म्हणायचे, महाराज, या खेपेला जमत नाही, राग नसावा. मी कानांनी ऐकलंय. गावांना नावं आपल्या बडोद्यातली द्यायचे: रावपुरा, मांडवी, घडियाळी पोळ, दांडिया बाजार. खेळ सुरू होताना एक शिपाई फुकट मिळतो म्हणे. त्याला नेऊन एका डोंगरावर उभा करायचे आणि तो शेवटपर्यंत तिथंच. विचारलं तर म्हणायचे, हवापालटाला पाठवलाय.

हे सगळं ऐकायला गोड आहे, मलाही तेव्हा हसू यायचं. पण माणसाचा खेळ खेळापुरता राहिला तर. खंडेराव मार्केटात भाजी घ्यायला गेले की भाव करायचे नाहीत. भाव करणं म्हणजे पण एक छोटी लढाईच, असं त्यांचं म्हणणं. त्यापेक्षा भाजीवालीच्या वांग्यांची तारीफ करायची, तिच्या गावाची चौकशी करायची, म्हणजे ती आपण होऊन चांगला माल देते. ती काय द्यायची ते मी पिशवी रिकामी करताना बघितलंय. निम्मी वांगी किडकी. ती पिशवी माझ्यापुढे धरून म्हणायचे, बाई फार प्रेमळ आहे. प्रेमळ असेल. वांगी किडकी होती.

एक दिवस जिना उतरून आले ते लहान मुलासारखे लाल झालेले. म्हणाले, वहिनी, मांडवी परत आली. मी म्हटलं, मांडवी कुठं गेली होती, सकाळीच माझी रिक्षा तिथल्या दरवाजाला वळसा घालून आली. मग कळलं, खेळातली मांडवी. एका मिशीवाल्या राजानं फौज आणून ती घेतली होती. भाऊजींनी लढाई केली नाही, मांडवी देऊन टाकली. नंतर बाजूच्या गावांतून नुसती नाटकघरं बांधत बसले. आणि खूप चाली गेल्यावर त्या मांडवीतली माणसं आपण होऊन मिशीवाल्यावर उलटली आणि भाऊजींकडे आली. एक शिपाई न हलवता. त्या दिवशी भाऊजींच्या डोक्यात जे बसलं ते मग निघालंच नाही. जे गेलं ते गाण्यानं परत येतं. सबूर पाहिजे.

मी त्यांना सांगितलं होतं की खेळ करणाऱ्यांनी तसं लिहिलेलं असतं म्हणून तसं होतं. ते म्हणाले, खेळ करणाऱ्यांनी पण कुठंतरी बघितलंच असेल ने. आणि मग मलाच विचारलं, आपले पूर्वज इथं घोड्यांवर बसून तलवार घेऊन आले, आज तुमच्या आमटीत शेंगदाणे कोण घालतं? मी घालते, गुजराती दाळीसारखे. फोन उचलून केम छो कोण म्हणतं? मीच म्हणते. तर म्हणाले, बघा, कोण जिंकलं, आणि एक माणूस मेलं का त्यात? उत्तर नंतर सुचलं, फार नंतर, ते पुढे येईल.

आता स्पीकरवाला.

मंडळाच्या खोलीला लागून त्याचं दुकान. गरब्याला, वरातीला, गणपतीला मोठमोठे स्पीकर भाड्यानं देतो. माणूस वाईट नाही हे मी आधीच लिहिते. मेहनती आहे, हसतमुख आहे, मला काकी म्हणतो. त्यानं पहिल्यांदा एक खोकं आमच्या ओट्यावर ठेवलं. मग त्यावर दुसरं. मी म्हटलं, भाऊजी, आत्ताच सांगा, एक आहे तोवर. ते म्हणाले, सांगतो की. आणि त्याला खोलीत बोलावून चहा पाजला, कपाटं दाखवली, पेटी वाजवून दाखवली. गुढीपाडव्याला त्याच्या घरी पुरणपोळ्या पाठवल्या. त्या पण माझ्याकडून करून घेतल्या, हे विसरू नकोस. ओटा भरत गेला. आम्ही बायका खोक्यांमधून अंग चोरून आत जायला लागलो. आमच्यातल्या जाड्या बायकांनी यायचं सोडलं. कारण सांगितलं नाही कुणी, पण मला कळत होतं.

आणि नवरात्राच्या तोंडावर तुझ्या बाबांनी त्याला खोलीची किल्ली दिली.

मला कळलं तेव्हा मी पिठाच्या हातांनी तशीच वर गेले. इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते, समोर तो षट्कोनांचा नकाशा. मी विचारलं, किल्ली का दिलीत. म्हणाले, वहिनी, सीमा बंद ठेवल्या तर आपलं काही त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. सीमा खुल्या ठेवाव्या लागतात. तो रोज आत येईल, पुस्तकं दिसतील, गुरुवारी भजन कानावर पडेल. त्याची आई तर आत्ताच दारात उभी राहून ऐकते. ही एवढी चाल संपू दे, मग बोलू.

चाल संपू दे. मी तिथं पिठाचे हात घेऊन उभी, आणि ते चाल संपवत होते.

नवरात्रात खोली खोक्यांनी भरली. आम्हाला सांगितलं, सणापुरतं. सण झाला, लग्नांचे दिवस आले. मग स्पीकर महाग असतात म्हणून त्यानं आपलं कुलूप लावलं. आम्हाला सांगितलं, काकी, तुमचीच खोली छे, केव्हाही मागा. आमच्याच खोलीची किल्ली आम्ही मागायला जायचं, आणि माणूस वरातीत गेलेला असायचा. मी कमिटीकडे गेले. कमिटी म्हणाली, चिटणिसांनी आपल्या हातानं किल्ली दिली, आता आम्ही काय बोलणार, ते पण काही बोलत नाहीत. कमिटीला एवढं निमित्त पुरलं. कमिटीतल्या निम्म्यांची नातवंडं घरात गुजराती बोलतात, मराठी पुस्तकांच्या खोलीसाठी भांडायचं कुणाच्या जिवावर?

मी मग भाऊजींच्या मागेच लागले. जेवायला बोलावून ताटावर सांगितलं, जिन्यात गाठून सांगितलं. शेवटी एका सकाळी तयार झाले. भांग पाडला, शर्ट घातला, आणि किल्ली परत मागायला शेजारी गेले. मी ओट्यावर उभी. मनात म्हटलं, गेले एकदाचे. बऱ्याच वेळानं आले ते हातात गरम फाफड्याचा पुडा घेऊन. म्हटलं, किल्ली? तर म्हणाले, विषय काढणारच होतो, पण त्याच्या दुकानावरची पाटी बघितलीत का, किती गचाळ अक्षर आहे. मी त्याला म्हटलं, मी नवीन काढून देतो.

आणि काढून दिली, बाई. आठवडाभर वर बसून काढली. गुजराती अक्षरं, निळ्यावर पिवळी, प्रत्येक वळण असं की बोट फिरवावंसं वाटावं. जाणारे येणारे थांबून बघतात अजून. लावली कुठं? आमच्या ओट्याच्या वर. कारण त्याच्या दुकानावर जागा कमी पडली. म्हणजे आता परका माणूस गल्लीत शिरला तर त्याला वाटतं मंडळाची खोली म्हणजे स्पीकरवाल्याचं गोदाम. आणि तसं सांगणारी पाटी मंडळाच्या चिटणिसाच्या हातची. शत्रूला आपल्या किल्ल्यावर निशाण लावायला चढता येईना, तर आपणच शिडी धरली आणि निशाण पण शिवून दिलं.

त्यानंतरचा एक गुरुवार मी मरेपर्यंत विसरणार नाही. लग्नाची मोठी ऑर्डर होती म्हणून त्याच्या माणसांनी आमची बाजाची पेटी, झांजा, सतरंजी आणि तसबिरी बाहेर ओट्यावर आणून ठेवल्या होत्या. नीट ठेवल्या होत्या, फेकल्या नव्हत्या, हे पण लिहिते. पेटीवर कबुतरांनी जे करायचं ते केलेलं. बायका पदर खोचून उभ्या. स्पीकरवाला म्हणाला, "काकी, शांती राखो ने. काकाए ज चावी आपी छे." काकांनीच किल्ली दिलीय. खोटं नव्हतं ते. तेवढ्यात काका जिन्यावरून आले. हातात पेढ्यांचा बॉक्स.

"वहिनी, जिंकलो," म्हणाले. "एकही लढाई न करता. पहिल्यांदा."

मी पेटीकडे बोट केलं. "भाऊजी, हे बघा आधी."

त्यांनी बघितलं. खिशातून रुमाल काढला आणि पेटी पुसायला लागले, फार हलक्या हातानं, जसं एखाद्या पोराचं तोंड पुसावं. पुसता पुसता म्हणाले, "त्याची आई रोज ऐकते, वहिनी. वेळ लागतो."

"खोली त्याच्या आईकडे नाही, त्याच्याकडे आहे," मी म्हटलं. "आणि तुमच्या त्या राज्यात एक चाल झाली की दुसरी येते. माझं वय झालंय. मला किती चाली राहिल्यात ते सांगा."

त्यांनी पेढा पुढे केला. मी घेतला नाही. सगळ्या बायकांनी घेतला, स्पीकरवाल्यानं पण घेतला, मी घेतला नाही. पेटी मी आणि भजनातल्या आणखी एकीनं धरून माझ्या घरी वर आणली आणि त्या दिवसापासून भजन माझ्या पुढच्या खोलीत होतं. पुस्तकं खालीच राहिली, खोक्यांच्या मागे. कपाटाची काच मी शेवटची कधी बघितली ते मला आठवत नाही.

मग ते गेले. सकाळी चहा ठेवला आणि खुर्चीत बसल्या बसल्या गेले. तुला माहीतच आहे. त्याबद्दल मी लिहिणार नाही.

पण शोकसभेबद्दल लिहिणार. इतकी वर्षं मंडळ सांभाळलेल्या माणसाची शोकसभा मंडळाच्या खोलीत व्हायला नको होती का? झाली रस्त्यावर मांडव घालून. कारण खोलीत खोकी होती. कुणी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. स्पीकरवाल्यानं दिवसभर दुकान बंद ठेवलं. माईक, स्पीकर, खुर्च्या, सगळं आणून लावलं. आणि त्याची आई, म्हाताऱ्या बा, माईकसमोर बसून अभंग म्हणाल्या. मराठी. अक्षर न अक्षर बरोबर, फक्त ‘ळ’ त्यांचा जरा आडवातिडवा पडतो. गळा असा की मांडवात कुणाचे डोळे कोरडे राहिले नाहीत. माझे पण नाहीत, आता खोटं कशाला बोलू. कमिटीतले एक गृहस्थ माझ्याकडे वाकून म्हणाले, बघा काकू, शेवटी चिटणीस जिंकले. मला त्यांच्या डोक्यात खुर्ची घालावीशी वाटली. आणि तू ग? तू उठून स्पीकरवाल्यापुढे हात जोडलेस. तुमचे उपकार कसे फेडू, म्हणालीस. मी बघत होते. बंद खोलीच्या दाराकडे पाठ करून तू त्याचे आभार मानत होतीस. तुझा दोष नाही, तुला कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून आज सांगतेय.

त्या बा आता दर गुरुवारी माझ्याकडे येतात. पेटीच्या अगदी जवळ बसतात. आमच्यात कुणाचा गळा त्यांच्याइतका लागत नाही, तेव्हा पुष्कळदा सुरुवात त्याच करतात आणि आम्ही मागून म्हणतो. मला त्या आवडतात. त्यांच्या हातचा मेथीचा थेपला मी मागून घेते. एकदा सगळ्या गेल्यावर त्यांना थांबवलं आणि सरळ विचारलं, बा, तुमच्या मुलाला सांगा ने, आमची खोली आम्हाला द्या. आपण तिथं बसू, इथं गुडघे एकमेकींना लागतात. बांनी माझा हात हातात घेतला.

"बेन, भजन मारुं," म्हणाल्या. "धंधो छोकरानो. एमां हुं न बोलुं."

भजन माझं, धंदा मुलाचा, त्यात मी नाही बोलणार. हात सोडला नाही त्यांनी, बराच वेळ. मला त्यांचा राग यायला पाहिजे होता. आला नाही. माझा मुलगा असता आणि त्याचं गोदाम असतं तर मी तरी काय बोलले असते? आणि तेव्हा मला भाऊजींच्या त्या आमटीतल्या शेंगदाण्यांचं उत्तर सुचलं. अहो भाऊजी, आपण शेंगदाणे घातले, केम छो म्हटलं, गरबे केले, पण आपल्या पूर्वजांनी जी घरं, ज्या कचेऱ्या, ज्या जागा घेतल्या होत्या त्यातली एक तरी शेंगदाण्यांच्या बदल्यात आपण होऊन परत दिली का? लोक तुमचं गाणं मनापासून घेतात. रडतात पण. आणि जागा धरून बसतात. दोन्ही एकाच वेळी, एकाच माणसात. हे तुमच्या खेळात कुणी लिहिलेलं नव्हतं.

हे त्यांना सांगायचं राहिलं म्हणून माझी चिडचिड होते. वर जाऊन सांगावं तर दाराला कुलूप. भांडायला समोर माणूसच नाही. असा कुणी मधेच उठून जातो का?

आता मुख्य काम ऐक, त्यासाठी एवढं लिहिलं. नवरात्राच्या आधी मंडळाची सर्वसाधारण सभा आहे. खोली रिकामी करून घ्यायची, हा विषय मी मांडलाय. कमिटीनं नाक मुरडून का होईना, घेतलाय. पण मला ठाऊक आहे तिथं काय होणार. कुणीतरी उठेल आणि म्हणेल, चिटणिसांनी स्वतः दिलेली किल्ली, त्यांच्या शब्दाचा मान आपण ठेवायला नको का. की झालं. गेलेल्या माणसाच्या शब्दापुढे माझ्यासारख्या सातवी शिकलेल्या बाईचं कोण ऐकतं. मी ओरडेन, ते म्हणतील काकूंचा स्वभावच तापट. त्यांना उत्तर देऊ शकेल असं एकच माणूस आहे. तुला बाबांनी लहानपणीच मंडळाची आजीव सभासद करून ठेवलीय, तू कॉलेजात पण गेली नव्हतीस तेव्हा. हात वर करायचा तुला हक्क आहे, बोलायचा पण आहे.

फार बोलू नकोस. तुला तुझ्या बाबांसारखं मऊ बोलायची सवय आहे, ती त्या दिवसापुरती पुण्यात ठेवून ये. उभी राहा आणि एवढंच म्हण: माझ्या बाबांनी किल्ली दिली होती, खोली दिली नव्हती. मग बस खाली. पुढचं मी बघते. स्पीकरवाल्याच्या खोक्यांसाठी मी मागच्या गल्लीत एक गाळा पण बघून ठेवलाय. त्याला उघड्यावर काढायचं नाहीये मला.

आणि सभेच्या दिवशी घाईघाईनं येऊन लगेच परत जाऊ नकोस. दोन दिवस आधी ये. रात्रीच्या गाडीत बसलीस की सकाळी बडोद्याला उतरतेस. वरचं कुलूप उघडायची तुला भीती वाटते, म्हणून तू येत नाहीस, हे मला कळत नाही असं समजू नकोस. वर नंतर जाऊ, दोघी जाऊ. स्टेशनवरून रिक्षा कर आणि आधी सरळ माझ्याकडे ये.